80 अक्षरांच्या मेसेजला तीन मेसेजचे पैसे का? आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. आमच्या बल्क एसएमएस सेवेबद्दलच्या आपल्या रिव्ह्यूत दोन तक्रारी आहेत. 80 अक्षरांच्या मराठी मेसेजला आम्ही तीन मेसेजचे पैसे लावले, आणि सभासदांची यादी आपल्या कॉम्प्युटरवर नीट दिसत असूनही ‘खराब’ म्हणून परत केली. सभेच्या सूचना मराठीत पाठवणाऱ्या सगळ्याच संस्थांना हा प्रश्न येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात (एक बाइट म्हणजे आठ बिट). साध्या रोमन मजकुराला अक्षरामागे सात बिट पुरतात, म्हणून तिथे 160 अक्षरं बसतात. देवनागरी त्या सात बिटांच्या अक्षरांच्या तक्त्यात नाही. तिच्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात, म्हणून मर्यादा 70. त्यापुढे गेलं की मेसेजचे भाग पडतात, आणि फोनने ते पुन्हा जोडावेत यासाठी प्रत्येक भागातले 6 बाइट खर्ची पडतात. उरलेल्या 134 बाइटांत 67 चिन्हं बसतात.

आणि मोजायची ती चिन्हं, डोळ्यांना दिसणारी अक्षरं नव्हेत. आपल्याच मेसेजमधले शब्द घ्या: ‘संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा’. वाचताना ही 14 अक्षरं. साठवताना काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त आणि मधली मोकळी जागा असं प्रत्येक चिन्ह वेगळं धरलं जातं. नुसतं ‘स्थे’ म्हणजे स, हलन्त, थ आणि मात्रा, अशी चार. एवढ्या चार शब्दांची 31 चिन्हं होतात. आपला पूर्ण मेसेज 146 चिन्हांचा आहे. दोन भागांत 134 बसतात, उरलेल्या 12 चिन्हांसाठी तिसरा भाग लागला.

सुरुवातीचं ‘आदरणीय सभासद, ’ काढलं तर 14 चिन्हं वाचतात आणि मेसेज दोन भागांत बसतो. पण मेसेजचा ठरलेला मजकूर, म्हणजे टेम्प्लेट, डीएलटीवर (असे मजकूर आधी मंजूर करून घ्यायच्या नोंदणी यंत्रणेवर) याच शब्दांत मंजूर आहे, त्यामुळे आम्हाला परस्पर काटछाट करता येत नाही. नवा मजकूर मंजुरीला टाका, पुढच्या सभेपासून खर्च एक तृतीयांशाने उतरेल. त्यात ‘शेतकऱ्यांना’सारखे शब्द असतील तर एक तपासा: काही कीबोर्ड हा ‘ऱ्या’ न दिसणारं जोडचिन्ह घालून लिहितात, ते एक चिन्ह जास्तीचं मोजलं जातं. बहुतेक साधे इमोजी दोन चिन्हांचे. रोमन मेसेजमध्ये एकच ₹ घातलात तरी 160 ची मर्यादा 70 वर येते.

आता यादी. आपण एक्सेलमधून ती साध्या ‘सीएसव्ही’ प्रकारात (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली मजकूर फाइल) सेव्ह केली आहे. त्या प्रकारात देवनागरीला जागाच नसते. प्रत्येक चिन्हाऐवजी प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. खिडकी उघडी असेपर्यंत मजकूर नीट दिसत राहतो, म्हणून आपल्याला काही जाणवलं नसणार. फाइल बंद करून पुन्हा उघडा. गावांच्या रकान्यात ‘पुणे’ची चार प्रश्नचिन्हं दिसतील आणि ‘मिरज’चीही चारच. यातून मूळ नाव कोणालाही परत काढता येणार नाही. अशी यादी पाठवली असती तर सभासदांना नावाच्या जागी प्रश्नचिन्हं गेली असती आणि पैसेही लागले असते. ती थांबवणं आमचं कामच आहे.

कधी प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए ओळीने दिसतो. तेव्हा घाबरू नका, आणि ती फाइल सेव्हही करू नका. यूटीएफ-8 मध्ये (सगळ्या लिप्या फाइलमध्ये साठवायची एक पद्धत, एसएमएसपेक्षा वेगळी) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं, आणि एक्सेल ते तीन बाइट सुटे सुटे वाचत असतं. डेटा शाबूत असतो. ‘डेटा’ मेनूतल्या ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने फाइल घ्या आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये 65001, म्हणजे यूटीएफ-8, निवडा.

आपली मूळ एक्सेल फाइल जपून ठेवली असेल तर तीच पाठवा, किंवा तिच्यातून ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ प्रकारात सेव्ह करून द्या. तीन भागांचं बिल कायम राहील. प्रत्येक भागाची चिन्हं मोजलेला तक्ता आपल्या ईमेलवर पाठवला आहे.