दुसऱ्याच्या घरी लांडगा बघायला जाताना

सिनेमाचं बोलावणं आलं की वेळेवर अजिबात जाऊ नका. नऊला बोलावलं तर साडेनऊला जा आणि चपला काढता काढताच विचारा, "सुरू केलात? आम्हाला सोडून?" यजमान मुकाट्याने उठतो, डिस्क पहिल्यापासून लावतो. मग पाच मिनिटांनी सांगा की हा तुम्ही मोबाईलवर बघितलाय.

डिस्क विकत घेतलेली आहे हे कळलं की आधी किंमत विचारा. आकडा ऐकून शेजारच्याकडे बघा. माझ्या 'डॉग सोल्जर्स' या लांडग्यांच्या सिनेमाच्या डिस्कची किंमत, ती विलायतेहून आणायचं भाडं आणि वरची जकात एवढ्यात दोन बऱ्यापैकी विसवणं (म्हणजे सुरमई) आली असती, असा हिशेब आमच्या आईने उभ्या उभ्या करून दिला होता. विसवण एका दिवसात संपतं, डिस्क आयुष्यभर राहते, असं मी तेव्हा तिला ऐटीत म्हणालो होतो. ते वाक्य लक्षात असू द्या.

गेल्या चवथीची गोष्ट. दीड दिवसाचा गणपती पोचवून आलो होतो, फोंड्याचं घर माणसांनी भरलेलं, बाहेर पाऊस. मीच हौसेने म्हटलं, चला, सिनेमा लावतो. 'डॉग सोल्जर्स', 2002 चा. नील मार्शल या माणसाचा पहिला सिनेमा. लिहिला त्यानेच, दिग्दर्शन त्याचंच, संकलनही त्याचंच. स्कॉटलंडच्या डोंगरात सरावाला गेलेले मूठभर ब्रिटिश सैनिक, पौर्णिमेची रात्र, रानातलं एक एकटं घर आणि बाहेर माणसांचे झालेले लांडगे. स्कॉटलंड म्हणून जे दिसतं ते बहुतेक लक्झेंबर्ग आहे, इतका तो काटकसरीचा संसार.

तर, लांडगा पडद्यावर आला की मोठ्याने हसायचं. "अरे, आत माणूस आहे!" असं ओरडायचं. हो, आहे. संगणकावर रंगवलेला नाही, सूट घातलेला खराखुरा माणूस आहे, पाय उंच करून उभा केलेला. हाताशी पैसा नसलेल्या दिग्दर्शकाने त्याला आखडता दाखवलाय. दारातून एक हात, खिडकीत जबडा, अंधारात एक उंच सावली, की लगेच कट. गंमत सगळी त्या कटमध्ये आहे. ती कुणाला लागू नये म्हणून नेमक्या त्याच क्षणी उठून लाईट लावा आणि नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा शोधा.

फोन आला तर घ्या. बसल्या जागीच घ्या.

सिनेमा रंगात आला की गावच्या देवचाराची गोष्ट काढा. आमच्या काकांनी काढली. देवचार वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो आणि रोट मिळाला की गप्प राहतो. काकांना तीन नेवऱ्या दिल्या, तरी काही उपयोग झाला नाही.

सार्जंटचं पोट फाटतं आणि त्याचे साथीदार बाहेर आलेली आतडी आत ढकलून सुपरग्लूने चिकटवतात, तिथे मावशी म्हणाली, "हळद चेपा म्हणावं आधी." हे मात्र मला आवडलं. मावशीला सूचनांची गरज नाही.

रिमोट भाच्याच्या हाती द्या. चित्रात मुंग्या दिसतात म्हणे! अरे बाळा, सुपर 16 मिलिमीटरच्या अरुंद फिल्मवर काढलेला सिनेमा आहे, दाणे दिसणारच. या सिनेमाची मूळ निगेटिव्ह कित्येक वर्षं सापडत नव्हती. 2015 मध्ये अमेरिकेत ब्लू-रे निघाली ती थिएटरच्या 35 मिलिमीटर प्रिंटांवरून, आणि रसिकांनी तिच्या रंगांवरून बोटं मोडली. पुढे निगेटिव्ह हाती लागली, दिग्दर्शक आणि छायाचित्रकाराच्या नजरेखाली तिच्यावरून फोरके, म्हणजे खूप बारीक तपशिलाची, प्रत तयार झाली, 2022 मध्ये ब्रिटनमध्ये डिस्क आल्या. त्यातली ब्लू-रे मी मागवली. ब्लू-रेसाठी जगाचे तीन तुकडे पाडलेत, ब्रिटन 'बी'मध्ये आणि आपण 'सी'मध्ये, म्हणून सगळीकडची डिस्क वाचणारा प्लेअर वेगळा घेतला. (हे आईला अजून सांगितलेलं नाही.) एवढं सगळं होऊन त्या रानातला अंधार वीस वर्षांनी नीट अंधारासारखा दिसायला लागला, आणि भाच्याने अर्ध्या मिनिटात टीव्ही भडक रंगांच्या 'व्हिव्हिड'वर नेऊन वर हालचाल गुळगुळीत करणारं स्मूथिंग चालू केलं. लांडगे संध्याकाळच्या मालिकेतल्या सुनांसारखे चालायला लागले.

दर नोव्हेंबरात गोव्यातल्या इफ्फी या चित्रपट महोत्सवाचा पास गळ्यात घालत असाल तर शेवटच्या दहा मिनिटांत इराणी सिनेमाबद्दल बोला.

आता मुख्य गोष्ट. निघताना डिस्क मागून न्या. "बघून लगेच देतो" असं म्हणा. 'लगेच' हा शब्द महत्त्वाचा. न्यायच्या आधी ती बाहेर काढून, नेवरीचं तूप लागलेला अंगठा मधोमध दाबून उजेडात धरा आणि म्हणा, "ही होय ती!" आमच्या भाऊजींनी असंच केलं. घरात थोरले जावई, ताईचे यजमान, चवथीला आलेले, नाही कसं म्हणायचं? दिली. भाऊजींकडे ब्लू-रे प्लेअर नाही. हे मला माहीत होतं, भाऊजींना माहीत होतं, ताईलाही माहीत होतं, आणि तरी डिस्क गेली. दिवाळीला विचारलं, "आहे की, कुठे जाते?" तुळशीच्या लग्नाला विचारलं, "पुढल्या खेपेला नक्की." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ताईचा चेहरा असा झाला की जणू मी वडिलार्जित जमिनीतला वाटा मागतोय. शेवटी डबा आला. उघडला, तर आत भलतीच डिस्क. वर स्केचपेनने लिहिलेलं: 'मुंज'. लावून बघितली. चाळीस मिनिटं बघितली. एक बटू, दोन भटजी, आणि मांडवात एकही चेहरा ओळखीचा नाही. आमच्या घराण्यातली मुंजच नाही ती!

आणि गेल्या रविवारी सावईवेऱ्याला भाऊजींच्या कुळागरात, म्हणजे बागायतीत, गेलो. केळींच्या रांगेत, सुतळीला टांगलेल्या सात-आठ चकत्या ऊन खात गरगर फिरत होत्या. भाऊजी कौतुकाने म्हणाले, "माकडांसाठी. उजेडाला भितात." तिसरी चकती माझी होती. "ती ना? ती आमच्या डीव्हीडीत चालेनाच. खराब होती," म्हणाले. वर मलाच सांगतात, बाहेरून काही मागवू नये, फसवतात. आणि बरोबर त्या चकतीखाली, केळीच्या बुंध्याशी एक माकड बसून निवांत केळं सोलत होतं. मार्शलचे लांडगे डोक्यावर फिरतायत आणि ते वर बघायलाही तयार नाही.

बस झाल्या सूचना. तुम्हाला लाज कशी वाटत नाही हो? दुसऱ्याची कोयती नेली तर तुम्ही घासून, धार लावून परत करता. नारळ उसना नेला तर त्याच आकाराचा आणून देता. मग सिनेमा, पुस्तक, कॅसेट, डिस्क असं काही असलं की ते आपोआप गावजेवणातलं पान कसं होतं? कुणीतरी पैसे साठवून, महिनाभर वाट बघून ती वस्तू आणलेली असते. नसेल बघायचा सिनेमा तर नका बघू, तुमच्या पाया कोण पडलंय! पण नेऊ नका. आणि नेलीत तर परत द्या. चालत नसेल तर चालत नाही म्हणून परत द्या, झाडाला कशाला टांगता? आईने परवा विसवणाची आठवण करून दिली आणि मला एक शब्द बोलता आला नाही.

भाऊजी, तुम्ही हे वाचाल याची मला खात्री आहे, ताई दाखवेलच. मुंजीची डिस्क माझ्या कपाटात आहे. ती कुणाची ते तुम्ही शोधा, त्या माणसाला काय सांगायचं तेही तुम्हीच ठरवा. नवी डिस्क आणून द्या, 'बी'चीच. तोवर बटू सुटायचा नाही.