चालू लोडवर जनरेटरच्या सीटीचा (करंट ट्रान्सफॉर्मरचा) प्लग काढायला सांगणारा हा शहाणा कोण?

'जनरेटर कंट्रोलरचे पाच घरगुती उपाय, कंपनीचा माणूस कधीच सांगणार नाही' असा एक मेसेज सध्या सोलापुरातल्या कारखानदारांच्या ग्रुपांवर फिरतोय. कंट्रोलर म्हणजे जनरेटरवर लक्ष ठेवून तो चालू-बंद करणारा पॅनलवरचा डबा. मला तो साडूंनी पाठवला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांची टॉवेलची शेड आहे. खाली त्यांनी लिहिलं होतं, "आपल्या पोराला चार नंबर करून बघायला सांगितलंय, तुम्ही पण बघून ठेवा." चार नंबर वाचला आणि मी आधी फोन लावला. बाकीचा मेसेज नंतर वाचला.

तर चार नंबर असा: करंट किंवा केडब्ल्यू (किलोवॅट) चुकीचे दिसत असतील तर सेट (जनरेटर) लोडवर, म्हणजे वीज देत असतानाच कंट्रोलरमागचा सीटीचा प्लग काढा, दहा सेकंद थांबा, परत लावा, "मेमरी साफ होते".

कसली मेमरी? सीटी म्हणजे केबलमधला मोठा करंट मोजण्यापुरता लहान करून देणारा ट्रान्सफॉर्मर. केबलमधून 200 अँपिअर जात असतील तर 200/5 चा सीटी कंट्रोलरकडे 5 अँपिअर पाठवतो. तो करंट फिरतोय तोवर काही होत नाही. त्याची वाट मध्येच तोडलीत की सीटीचा गाभा सॅच्युरेट होतो (चुंबकत्वाने पूर्ण भरतो) आणि उघड्या टोकांवर शेकडो व्होल्ट, मोठ्या सीटीत त्याहूनही कितीतरी जास्त, उभे राहू शकतात. इन्सुलेशन जातं, ठिणगी उडते, आणि त्या वेळी प्लग कुणाच्या तरी बोटांत असतो. माझ्यावर विश्वास नसेल तर राहू द्या. डीप सी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या 7320 कंट्रोलरचं मॅन्युअल उघडा. सीटीतून करंट जात असताना प्लग काढू नका, काढलात तर सेकंडरी (सीटीची कंट्रोलरकडची बाजू) उघडी पडून धोकादायक व्होल्टेज तयार होऊ शकतं, आधी करंट नाही आणि सीटी शॉर्ट केलेत (टोकं एकमेकांना जोडलीत) याची खात्री करा, असा इशारा त्यात स्पष्ट छापलाय. ज्यांनी कंट्रोलर बनवला ते 'काढू नका' म्हणतात आणि हा फॉरवर्डवाला 'काढा' म्हणतो.

रीडिंग चुकायची खरी कारणं साधी असतात. पॅनलमध्ये 200/5 चे सीटी आणि सेटिंग 100/5 ची, मग आकडा निम्मा दिसतो. सीटी उलटा बसला, तर त्या फेजचे केडब्ल्यू उणे येतात. आर फेजच्या सीटीची वायर वाय फेजच्या जागी गेली, तरी गोंधळ. साडूंकडे नेमका उलटा सीटीच निघाला. अल्टरनेटर (सेटचा वीज तयार करणारा भाग) रिवाइंडिंगहून आल्यावर वाय फेजचा सीटी तोंड फिरवून बसवला होता. सेट बंद करून सीटीच्या एस-वन, एस-टू या दोन टोकांच्या वायरी अदलाबदल केल्या, क्लॅम्प मीटरने (केबलभोवती पकडून करंट मोजणाऱ्या मीटरने) तिन्ही फेज पडताळले, काम झालं.

दोन नंबरवाल्यालाही नमस्कार. म्हणे, 'लो ऑइल प्रेशर'वर सेट ट्रिप होत असेल तर सेन्सरची वायर काढून टेप गुंडाळा, सेन्सर खराबच असतो. सेन्सर बिघडतो हे खरं, मान्य. पण बऱ्याच सेटवर हा सेन्सर म्हणजे एक स्विच असतो, तो दाब पडल्यावर अर्थला जोडला जातो. त्याची वायर काढलीत की कंट्रोलरच्या लेखी दाब कायम उत्तम. ऑइल संपलं तरी सेट पळत राहणार, आणि पहिली खबर मिळणार ती बेअरिंगच्या ठोक्याने. आधी डिपस्टिक बघा. मग स्विच काढून त्याच भोकात साधा मेकॅनिकल गेज लावा. गेजवर कंपनीने दिलेला दाब आला, तर खुशाल स्विच बदला. नाही आला, तर कंट्रोलर खरं बोलत होता. आपल्या शेडमध्ये सुताचे तंतू रेडिएटरवर जाड थर धरतात. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला टेकला की इंजिन तापतं, ऑइल पातळ होतं आणि दाब खरोखरच पडतो. ब्रश मारून रेडिएटर साफ करायला काही खर्च येत नाही.

तीन नंबर: इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून कंट्रोलर 'रीसेट' करा. बॅटरी चार्ज करणाऱ्या छोट्या अल्टरनेटरचे व्होल्टेजचे झटके पचवायला बॅटरीच लागते. ती निघाली की तेच झटके कंट्रोलरवर. चांगला कंट्रोलर मारायचा असेल तर उपाय उत्तम आहे.

एक नंबर म्हणतो, व्होल्टेज हलतंय म्हणजे कंट्रोलर बदला. साध्या सेटमध्ये व्होल्टेज एव्हीआर (ऑटोमॅटिक व्होल्टेज रेग्युलेटर) सांभाळतो आणि फ्रीक्वेन्सी इंजिनचा वेग धरणारा गव्हर्नर, कंट्रोलर फक्त बघतो आणि गडबड दिसली की बंद करतो. सिंक्रोनायझिंगच्या (एकापेक्षा जास्त सेट जोडून चालवायच्या) पॅनलमध्ये तो एव्हीआरला इशारे देतो, एवढंच.

पाचवा उपाय, नाइलाजाने सांगतो, बरोबर आहे: डिस्प्ले विझला म्हणजे कंट्रोलर जळाला असं धरू नका, फ्यूज बघा. फक्त तो अर्धाच सांगितलाय. फ्यूज ठीक असेल तर मीटर बॅटरीवर लावू नका, कंट्रोलरच्या स्वतःच्या प्लस-मायनसवर लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. असे बरेच कंट्रोलर 8 ते 35 व्होल्टवर चालतात. सेल्फ मारताना आकडा 8 च्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी थकलीय किंवा निगेटिव्हचं टर्मिनल ढिलं आहे. आणि डिस्प्ले चालू पण सेल्फच लागत नसेल, तर लाल इमर्जन्सी बटण कुणी दाबून ठेवलंय का ते आधी बघा.