जरा हे धरा

लिफ्ट बंद, लेकीचं दप्तर माझ्या खांद्यावर आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी धापा टाकत उभी. एवढाच माझा गुन्हा. वरून काका उतरले.

"दप्तर तुम्ही उचलता? पोरं अशानंच दुबळी होतात. जरा हे धरा." छत्री माझ्या हातात आली. बोलायला काकांना दोन्ही हात मोकळे लागतात.

"तिचा खांदा दुखतोय हो, काका."

"या वयात कुठला आलाय खांदा?"

लहान मुलांना कंबर नसते, हे ऐकतच मी मोठी झाले. काकांनी आता खांदेही काढून घेतले.

मी आकड्यांवर आले. मुलीचं वजन 26 किलो, दप्तर 6 किलो. मुलाच्या वजनाच्या 10, फार तर 15 टक्क्यांपर्यंतच ओझं असावं म्हणतात. म्हणजे चार किलोसुद्धा नाही.

"मोजलंत कसं?"

"आधी मी एकटी काट्यावर उभी राहिले, मग दप्तर घेऊन. वजाबाकी केली."

"आणि एकटीचं किती भरलं?"

मी उत्तर दिलं नाही. काकांनी मान अशी हलवली, की दप्तराचा प्रश्नच मिटला. मग हातातली पिशवीही माझ्याकडे दिली. "आम्ही पाटी न्यायचो."

"एकच ना?"

"पण दगडाची होती!"

यावर काय बोलणार? शिवाय लेक पायरीवर बसून हसत होती. हिचंही काही कमी नाही. दोन्ही पट्टे खांद्यांवर घेणं बावळटपणाचं, असा तिच्या वर्गाचा ठराव आहे. सगळा भार एका खांद्यावर, तो खांदा वर चढलेला, मान दुसरीकडे कललेली. संध्याकाळी मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू दोरीसारखा ताठ. पट्टे आवळून दप्तर पाठीला चिकटवलं, जाड पुस्तकं पाठीच्या बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कमरेखाली लोंबत होतं.

पण वेळापत्रकाप्रमाणे दप्तर भरायचं म्हटलं तर बाईंना आयत्या वेळी भलतंच पुस्तक हवं असतं आणि नसलं की हिला उभं करतात. म्हणून सगळंच न्यायचं. वर लिटरभर पाणी, म्हणजे आणखी एक किलो. पुस्तकं वर्गातच ठेवू द्या म्हटलं, तर हरवली तर जबाबदार कोण, असं मलाच विचारलं. दप्तर हलकं कसं ठेवावं याच्या सूचना मात्र डायरीत छापल्यात, चांगल्या जाड, गुळगुळीत कागदावर. ती डायरी रोज न्यावी लागते. चिडायचं तरी कुणावर?

काकांनी जिन्याच्या खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. "पाऊस काही येत नाही. वर जाताच आहात, तर छत्री आणि पिशवी आमच्याकडे द्या. चौथा मजला."

मी तिसऱ्यावर राहते.