गोव्याचा भाग दोन दिवसांत होत नाही

गोवा लोकसेवा आयोगाने नागरी सेवेच्या कनिष्ठ श्रेणी अधिकाऱ्यांची जाहिरात काढली, की मुलांच्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर हाच: “यूपीएससीचं सामान्य अध्ययन केलेल्याला गोव्याचा वेगळा अभ्यास लागत नाही. इवलंसं राज्य, भूगोल दोन दिवसांत संपतो. इतिहास म्हणजे १५१० ते १९६१, दहा-बारा सनावळ्या पाठ करा. कायदे सगळीकडे तेच. चालू घडामोडींना महिन्याची पीडीएफ पुरे. मराठी शाळेत शिकलेल्यांनी उगाच वेळ घालवू नये, कोकणी सक्तीची आहे.”

हे वाचून मुलं गोव्याचा भाग शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या मुलांना शिकवताना दरवेळी हेच पाहतो. चीड येते ती यासाठी, की ज्या भागात ही मुलं सर्वांत भक्कम असायला हवीत, तोच भाग कुणीतरी त्यांना बिनकामाचा म्हणून सांगतो.

आधी भूगोल. ३,७०२ चौरस किलोमीटर हे क्षेत्रफळ पाठ व्हायला दोन मिनिटं पुरतात, मान्य. पण जुन्या मार्गदर्शिकेतलं तालुक्यांचं पान उघडा आणि फोंडा कुठे दाखवलाय ते पाहा. उत्तर गोव्यात! फोंडा तालुका २०१५ मध्ये दक्षिण गोव्यात गेला. आता २०११ ची जनगणना घ्या. उत्तर गोवा ८,१८,००८, दक्षिण गोवा ६,४०,५३७, एकूण १४,५८,५४५. आकडे बरोबर आहेत, मात्र त्यातला उत्तर गोवा फोंड्यासकट आहे. त्या जनगणनेत तालुकेही अकराच, कारण धारबांदोडा नंतर झाला. आकडा पाठ असून तो कोणत्या सीमांचा आहे हे माहीत नसेल, तर उत्तर चुकणार.

हे झाले आकडे. खरा भूगोल खाजनात आहे. मांडवी-जुवारीच्या काठची ही शेतं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत आणि बांध घालून राखलेली आहेत. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीचं खारं पाणी बाहेरून दाबलं की झडप आपोआप मिटते. ओहोटीला आतलं पाणी वरचढ होतं, झडप ढकलून उघडतं आणि नदीत उतरतं. दार उघडायला की लावायला माणूस उभा राहावा लागत नाही. आत खारटपणा सोसणारं कोरगुट भात पिकतं आणि मानशीवर मासळी धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. पूर्वी बांधांची देखभाल गावकारी, म्हणजे कोमुनिदाद, करायची. कूळ कायदा आल्यावर ती कुळांच्या संघटनांकडे गेली. बरेच बांध दुर्लक्षाने फुटले, काही ठिकाणी मासळीसाठी खारं पाणी मुद्दाम आत घेतलं गेलं, आणि भातशेती गेली. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांची वेगळी दखल आहे, ती याच कारणाने. एका मानशीपाशी उभं राहिलं की भूरचना, शेती, जमीनकायदा आणि पर्यावरण असे चार घटक एकदम समजतात. दोन दिवसांचा हिशेब मांडणाऱ्याने मानस पाहिलेली नसावी.

इतिहासाचं म्हणणं तर सरळ चुकीचं आहे. “साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता” हे वाक्य १५१० मध्ये घेतलेल्या तिसवाडीलाच लागू पडतं. बार्देश आणि सासष्टी १५४३ मध्ये त्यांच्याकडे गेले. या झाल्या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले मुलूख. फोंडा, सांगे, केपे, काणकोण, डिचोली, सत्तरी, पेडणे या नव्या काबिजादी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्या. पेडणं तर १७८८ ला. म्हणजे पेडण्यावर पोर्तुगीज अंमल १७३ वर्षांचा. हा अडीचशे वर्षांचा फरक कळला की फोंड्यात इतकी देवळं का, याचं उत्तर मिळतं. सोळाव्या शतकात सासष्टीतली देवळं मोडली जाऊ लागली तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेरण्याची म्हाळसा नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात, नेण्यात आली. तिथे तेव्हा पोर्तुगीज नव्हते. मुलं या देवळांत जत्रेला जातात आणि परीक्षेत काबिजादींच्या प्रश्नापाशी अडखळतात.

१५१० च्या आधीचं काय? कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळची कातळशिल्पं, चांदरची भोजांची आणि कदंबांची राजधानी, तांबडी सुर्लचं महादेवाचं देऊळ, हे सगळं त्या संदेशात बसतच नाही. १९६१ नंतरचंही बसत नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात मतदारांपुढे दोनच पर्याय होते: महाराष्ट्रात विलीनीकरण, ज्याची खूण फूल, आणि केंद्रशासित प्रदेश राहणं, ज्याची खूण दोन पानं. घटक राज्य हा पर्याय नव्हताच. ते ३० मे १९८७ ला, छपन्नाव्या घटनादुरुस्तीने आलं. तरी “१९६७ च्या कौलाने गोवा वेगळं राज्य झालं” असं लिहिणारी मुलं मला भेटतात. सनावळी पाठ असते, त्या दिवशी लोकांनी नेमकं काय ठरवलं ते ठाऊक नसतं.

“कायदे सगळीकडे तेच” हे वाक्य गोव्यातल्या माणसाने कसं पुढे पाठवलं, हे मला खरंच कळत नाही. मुक्तीनंतर १९६२ च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे बदल होईपर्यंत चालू ठेवले, म्हणून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक भाग आजही इथे चालतो. वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. वारसदारांचा ठरावीक हिस्सा मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. वारसाहक्काला आता २०१२ चा स्वतंत्र गोवा कायदा आहे. समान नागरी कायद्याचं, घटनेचं ४४ वं कलम देशभरातली मुलं वाचतात, त्याची चालती-बोलती बाजू आपल्या घराच्या दस्तऐवजात आहे. घटनेतलं ३७१ आय घ्या. ते म्हणतं, गोव्याच्या विधानसभेत किमान ३० सदस्य असावेत. प्रत्यक्षात ४० आहेत. ‘किमान’ शब्द गाळून वाचणारा इथे फसतो.

मग जमीन. कूळ आणि मुंडकार यांत गल्लत करणारे पदवीधर मी कितीतरी पाहिले. कूळ शेत कसतं. त्याचा कायदा १९६४ चा, आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकी मिळाली. तेव्हा शशिकला काकोडकर मुख्यमंत्री होत्या. मुंडकार भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहतो. त्याला घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा १९७५ चा, आणि घर व घराभोवतीची जागा विकत घेण्याचा हक्कही त्यातच आहे. घराचं भाडं भरणारा मुंडकार ठरत नाही. आता सांगा, ज्या मुलाचे वडील मुंडकार प्रकरणाच्या तारखांना मामलेदार कचेरीत खेपा घालतात, त्याला हा भाग कठीण जावा का? घरातली फाईल उघडून बस, वडिलांना विचार की भाटकाराच्या वकिलाने कुठला मुद्दा काढलाय, आणि मग कायद्याची व्याख्या वाच. ती जन्मात विसरणार नाहीस. उद्या उपजिल्हाधिकाऱ्याच्या खुर्चीत बसलास तर अशाच घरांची अपिलं तुझ्यासमोर येतील. परीक्षेत हा भाग त्यासाठीच आहे.

पीडीएफबद्दल फार लिहीत नाही, एकच उदाहरण देतो. म्हादई, म्हणजे वरच्या भागातली मांडवीच, तिच्या पाणीवाटपाच्या लवादाचा ऑगस्ट २०१८ चा निवाडा: गोव्याला २४ टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. पीडीएफ इथेच थांबते. कर्नाटकाच्या वाट्यातले ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहेत, आणि कळसा-भांडुरा या ओढ्यांतून कर्नाटकातल्या मलप्रभेच्या खोऱ्यात वळवायचे १.७२ आणि २.१८. खरा वाद या वळवण्याचा आहे. वरून गोडं पाणी कमी आलं तर भरतीचं खारं पाणी मांडवीत आणखी आतवर चढेल, ही भीती आहे. ही साखळी गोव्यातलं एखादं मराठी दैनिक रोज वाचलं तर आपोआप जुळते, आणि जुळवत जाण्यासाठी वहीत एक पान म्हादईला वेगळं ठेवावं.

राहिली मराठी शाळांची गोष्ट. जाहिरात नीट वाचा. कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं ज्ञान इष्ट, असं तिथे लिहिलेलं असतं. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा केली आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद ठेवली. आपल्या मराठी शाळांतली मुलं घरी, वाड्यावर, बसमध्ये कोकणीच बोलतात. मराठी त्यांना वाचनासाठी मिळाली, म्हणजे त्यांच्या हातात एक भाषा जास्तच आहे. अडचण आहे ती इंग्रजीची. कायद्यांची अधिकृत संहिता इंग्रजीत असते, तेव्हा मुंडकार कायदा, कूळ कायदा, १९९४ चा पंचायत राज कायदा यांची व्याख्यांची कलमं मूळ इंग्रजीतून वाचायची सवय आत्तापासून लावा. रोज दोन पानं पुरेत. आणि १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला जाहिरातीची वाट न पाहता मामलेदार कचेरीतून काढून ठेवा. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसांत तिथे रांग लागते.