आधी दारू सोड, मग बघू

दारू पण आहे आणि डिप्रेशन पण आहे, असा माणूस आपल्याकडे नुसता इकडून तिकडे फिरतो. मनाच्या डॉक्टरकडे नेला तर 'आधी दारू सोड, मग बघू', आणि व्यसनमुक्तीवाल्यांकडे टाकला तर बऱ्याच ठिकाणी महिनाभर प्रार्थना, व्याख्यानं, शपथा, पण हा माणूस रात्री तीनला उठून का बसतो, त्याला जेवण का जात नाही, हे कोणी विचारत नाही. मग घरी येतो, पंधरा दिवस बरा राहतो, आणि पुन्हा चपटी.

माझं अमळनेरकडे मेडिकल आहे म्हणून हे रोज दिसतं. बाया हळू आवाजात विचारतात, "भाऊ, ते चहात टाकायचं औषध आहे का?" नाही देत मी. ते औषध म्हणजे डायसल्फिराम, दारू सोडवायचं. ते पोटात असताना माणूस प्यायला तर तोंड लाल, उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली, जीव पण जाऊ शकतो. ते डॉक्टरच्या देखरेखीत, माणसाला सांगून द्यायचं औषध आहे. गडावर नेऊन शपथ घालणं, माळ घालणं याला मी हसत नाही, काही लोकांची खरंच सुटते, पण ज्याला सकाळी उठायचीच इच्छा नाही त्याच्याकडून शपथ निभेल कशी?

आता डॉक्टरची बाजू पण सांगतो. दारू स्वतःच मेंदूला मंद करते, झोप मोडते, त्यामुळे बऱ्याच जणांची उदासी दारू बंद झाल्यावर तीन-चार आठवड्यात आपोआप उतरते. म्हणून थांबून बघायचं म्हणतात. बरोबर आहे. पण सगळ्यांची नाही उतरत, आणि ज्यांची उदासी आधीची होती, कर्जाची, कोणी गेल्याची, बोंडअळीने कापूस खाल्ल्याची, ते हे तीन-चार आठवडे काढणार कशाच्या जोरावर? तेच तर सगळ्यात अवघड दिवस. आणि घरात फवारणीचं औषध ठेवलेलं असतं, हे आपल्या भागात कोणाला वेगळं सांगायला नको.

(रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडू नका. दोन-तीन दिवसात हात थरथरतात, फिट येते, भास होतात, माणूस बरळायला लागतो. सिव्हिलला न्या.)

माझं म्हणणं एवढंच की दोन्हीवर एकत्र बोलणारा एक माणूस पाहिजे. ऑस्ट्रेलियात २०१० ला यावर अभ्यास छापून आलाय, त्यात फक्त दारूवर किंवा फक्त डिप्रेशनवर बोलण्यापेक्षा दोन्हीवर एकत्र काम केलेल्यांची उदासी जास्त कमी झाली आणि पिण्याचे दिवसही. बरं, तो ऑस्ट्रेलिया, सोडा. आपल्या शेजारी गोव्यात संगत या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्यासोबत सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये काम केलं, आणि समुपदेशक कोण, तर डॉक्टर नाही, सायकॉलॉजिस्ट नाही, ट्रेनिंग दिलेली साधी माणसं. दारूसाठी फार तर चार भेटी, डिप्रेशनसाठी सहा ते आठ. तीन महिन्यांनी डिप्रेशनमधून बाहेर आलेले ६४ टक्के, आणि नेहमीचीच ट्रीटमेंट मिळालेल्यांत ३९. दारूच्या त्रासातून बाहेर आलेले ३६ विरुद्ध २६. दारूचा आकडा लहान दिसतो, पण चार भेटीत एवढं होत असेल तर मला ते बरंच वाटतं. तिथे दोन्ही अभ्यास वेगवेगळे होते हे खरं, पण दोन्ही जमणारा माणूस तयार करायला अडचण काय आहे?

आणि त्या भेटीत करतात काय, तर उपदेश नाही. दारूसाठी त्यालाच विचारायचं की पिऊन काय मिळतं, काय गेलं, तुला स्वतःला काय पाहिजे. उत्तर त्याच्याच तोंडून यायला पाहिजे. आपण काय करतो, चार पाव्हणे बसवून त्याला झापतो, आणि तो मान हलवतो. उदासीसाठी त्याच्याहून सोपं, मूड यायची वाट न बघता आधी हातपाय हलवायचे. मळ्यात एक चक्कर, संध्याकाळी पारावर अर्धा तास, भाचीला शाळेत सोडणं, एवढंच ठरवायचं आणि पुढच्या भेटीत विचारायचं, केलं का. यात दारूची वेळ पण भरून निघते, कारण संध्याकाळी सहा ते नऊ काय करायचं हाच आपल्याकडे मोठा प्रश्न आहे. एक जण मला म्हणाला होता, "माले झोप येत नही म्हनीसन पेस" (झोप येत नाही म्हणून पितो). त्याच्या झोपेवर कोणी कामच केलेलं नव्हतं, गोळीची चिठ्ठी तेवढी होती.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दोन्ही आजारांत उपचार न मिळणारे ८५ टक्क्यांच्या आसपास होते. आता टेलिमानस आहे, सरकारची मनाच्या आजारांसाठीची फोन हेल्पलाइन, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, नंबर सेव्ह करा. पण फोनवर सगळे बोलत नाहीत, "मी काय येडा शे का" म्हणून ठेवून देतात. आशाताईंवर हे पण टाकू नका, त्यांच्याकडे आधीच ढीग आहे, आणि आपले पुरुष त्यांच्यासमोर दारूचं खरं सांगणार नाहीत. गावातलेच दोन-चार पुरुष घ्या, ज्यांची सुटलीये असे मिळाले तर उत्तम, त्यांना ट्रेनिंग द्या, मानधन द्या, वर सिव्हिलचा डॉक्टर लक्ष ठेवायला, आणि बसवा सरकारी आरोग्य केंद्रात (पीएचसीत) बाजाराच्या दिवशी संध्याकाळी. सकाळी दहाची ओपीडी ठेवली तर कापूस वेचणीच्या सीझनला कुत्रं पण येणार नाही.