झिरो बघितला का, जावईबापू?

2019 चा महापूर बघितला, 2021 चा पण बघितला, त्यामुळं कोल्हापूरच्या माणसाला पाणी कुठं कुठं शिरतं हे कुणी शिकवायला नको. पाणी घरात येतं, दुकानात येतं, पार्किंगमधल्या गाडीच्या सीटवर येऊन बसतं. पण ते पेट्रोलच्या टाकीत जातं आणि वर त्याचे पैसे आपणच मोजतो, हा अनुभव नवीन होता.

झालं असं की भर जुलैत सासऱ्यांना रत्नागिरीला सोडायला निघालो. सासरे मागच्या सीटवर मधोमध, म्हणजे माझे पाय, गिअर आणि स्पीडोमीटर तिन्ही एकदम दिसतील असे. "जावईबापू, क्लचवर पाय ठेवून चालवताय" हे मलकापूर यायच्या आत चार वेळा झालं. वाटेत एका पंपावर थांबलो, पोऱ्या म्हणाला "झिरो बघा साहेब", मी बघितला, सासऱ्यांनी काच खाली करून परत बघितला, आणि दोन हजाराचं म्हणजे साधारण 19 लिटर टाकून निघालो. आपण झिरो एवढा भक्तिभावानं बघतो ना, की त्यानंतर नळीतून काय येतंय ते बघायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आंबा घाटात गाडीनं पहिली उचकी दिली. मग दुसरी. मग ॲक्सिलरेटर दाबला की गाडी विचार करायची, "जाऊ का नको" असा, आणि तेवढ्यात डॅशबोर्डवर तो पिवळा इंजिनचा दिवा लागला. बायको म्हणाली "अहो, काहीतरी लागलंय", सासरे म्हणाले क्लच. उताराच्या कृपेनं कसेबसे खाली आलो आणि साखरप्यात गाडीनं मान टाकली. स्टार्टर फिरतोय, घर्रर्र घर्रर्र, पण इंजिन पकडतच नाही.

पाच मिनिटांत छत्र्या घेऊन सात-आठ जण जमले. प्लग काढून पुसा, बॅटरी उतरली असणार, अजून दोन लिटर पेट्रोल टाका, अशी उपचारपद्धती सुरू झाली, एकानं तर गाडी कुठल्या दिवशी घेतली ते विचारलं. शेवटी एक मेस्त्री आला, त्यानं दोनच प्रश्न विचारले. "पेट्रोल कधी टाकलंत?" आणि "कुठं?" मी सांगितलं तसा तो असा हसला की मला माझ्या खर्चाचा अंदाज आला.

इंजिनला पेट्रोल पोचवणारा पंप टाकीच्याच पोटात असतो आणि आमच्या गाडीत त्याचं झाकण मागच्या सीटखाली, म्हणजे बरोबर सासऱ्यांच्या आसनाखाली. त्यांना छत्री देऊन खाली उतरवलं. सीट उपटल्यावर पेट्रोलच्या आधी आमचा संसारच बाहेर आला : शेंगदाणे, एक पायमोजा, जी कंपासपेटी हरवली म्हणून मी पोराला मारलं होतं तिच्यातला कर्कटक, टोलच्या पावत्या. बायकोनं कर्कटकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मेस्त्रीनं बॅटरीची वायर काढली आणि बिडी ओढत वाकून बघणाऱ्या एका काकांना अशी कोकणी शिवी हासडली की काका बिडीसकट रस्त्यापलीकडं गेले.

मग त्यानं टाकीच्या तळातलं काढून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरलं, दोन मिनिटं बोनेटवर ठेवलं आणि उजेडासमोर धरलं. वर पिवळसर पेट्रोल, खाली चार बोटं स्वच्छ थर, मधे बारीक रेघ, बाटली हलवली की खालचा थर जेलीसारखा थुलथुलायचा. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, पाणी पुरतं एक किलो, त्यामुळं पाणी तळाला बसतं आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. म्हणजे 19 लिटर पेट्रोल वर तरंगतंय आणि इंजिनला पाजतोय आपण पाणी.

त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं बरंचसं आमच्याच उसाचं. उसाला पाण्याची हौस किती ते आमच्या भागात पोरंही सांगतील, आणि ती हौस इथेनॉल झाल्यावरही सुटत नाही. थोडं पाणी असेल तर ते पोटात घेऊन पेट्रोलबरोबर गुण्यागोविंदानं नांदतं, पण पाणी वाढलं की पेट्रोलला सोडून सरळ पाण्याचा हात धरतं आणि दोघं तळाला जाऊन बसतात. शेवटी दारूच ती, पाणी समोर आल्यावर पेट्रोलला कोण विचारतो. साखरेच्या पट्ट्यातली गाडी बंद पडायला साखरपाच सापडावं, हेही ओघानं आलंच.

टाकी रिकामी, फिल्टर नवीन, पंप साफ, साडेतीन हजार. मी पंपवाल्याच्या नावानं शंख करत होतो तेवढ्यात मेस्त्रीनं बाहेरच्या, पेट्रोल भरायच्या तोंडाच्या झाकणाची रबरी रिंग काढून दाखवली, तिला आरपार तडा. तोंडाजवळ पाणी निघून जायला जे बारीक भोक असतं ते मातीनं गच्च. "गाडी पायपानं धुता काय साहेब?" मी दर रविवारी धुतो, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. "एवढं पानी हितनं येतं काय?" असं मीच उलट विचारलं तर तो तार घालून भोक मोकळं करत राहिला, हो नाही काहीच बोलला नाही.

परत येताना त्याच पंपावर थांबलो. मॅनेजरनं शांतपणे डेन्सिटीचं रजिस्टर दाखवलं, लांब पट्टीला पेस्ट लावून जमिनीखालच्या टाकीत सोडली, पाणी लागलं की पेस्टचा रंग बदलतो म्हणे. बदलला नाही. तोवर तीन दिवस होऊन गेले होते, आणि रबरी रिंगची गोष्ट मी काढली नाही.

पुराव्याची बाटली सासऱ्यांनी नेलीय, त्यांच्या गॅलरीत 'हात लावू नये' अशी चिठ्ठी लावून ठेवलीय.

परवा त्यांना आणताना दुसऱ्याच पंपावर थांबलो. आता शहाणा झालोय म्हणून खाली उतरलो आणि तपासणीसाठी फिल्टर पेपर मागितला, तो पंपावर मागता येतो. पोऱ्या आत गेला आणि टिश्यू पेपरचा बॉक्स घेऊन आला. त्याला फरक समजावत होतो तोवर दुसऱ्या पोऱ्यानं नळी लावून दीड हजाराचं भरलंही, आणि मागची काच हळूहळू खाली झाली.

"झिरो बघितला का, जावईबापू?"