सरकारी काम आणि सहा महिने थांबलेली गाडी

देशाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर दंडाची पावती कुठून येऊन पडेल याचा नेम नाही. तेव्हा या लेखापुरते देश दोनच: एक 'राहतो तो' आणि दुसरा 'गाडी राहते तो'. दोन्ही युरोपियन युनियनमधले. मधली सरहद्द म्हणजे हायवेच्या कडेला एक निळी पाटी. तीही गाडीच्या वेगात धड वाचता येत नाही.

गाडी राहते त्या देशात आम्ही एक छोटंसं घर भाड्याने घेऊन ठेवलंय. का, ते विचारू नका. चाळिशीत कुणी गिटार शिकायला घेतं, कुणी पहाटे उठून धावायला लागतं. आम्ही हे केलं. वर्षाला तीन-चार खेपा, आणि एका खेपेला जायचे अकरा तास, यायचे अकरा तास ड्रायव्हिंग. तिसऱ्या वर्षी माझ्या कमरेने असहकार पुकारला. तेव्हा बायको म्हणाली, "अरे, गाडी तिथेच ठेवू या की. आपण विमानाने जात-येत जाऊ. गाडी म्हणजे काय कुत्रं आहे, मागे ठेवलं तर रडत बसायला?"

कुत्रं असतं तर बरं झालं असतं. कुत्र्याला युरोपियन युनियनचा पासपोर्ट मिळतो. मांजराला मिळतो. फेरेट नावाचा मुंगसाच्या चुलतभावासारखा दिसणारा एक प्राणी असतो, त्यालाही मिळतो. गाडीला मिळत नाही.

पहिली ठिणगी पडली विम्याच्या नूतनीकरणात. फॉर्ममध्ये एक निरुपद्रवी प्रश्न होता: 'गाडी रात्री कुठे उभी असते?' मी खरं लिहिलं. मला ही खोड लहानपणापासून आहे आणि तिने माझं कधीही भलं केलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी विमा कंपनीतल्या मुलीचा फोन.

"म्हणजे तुम्ही सध्या परदेशात सुट्टीवर आहात?"

"नाही, मी घरीच आहे. गाडी परदेशात आहे."

"तुमच्याशिवाय?"

"हो."

"परत कधी येणार आहे?"

आता काय सांगणार? ती काही सांगून गेली नव्हती. मी म्हटलं, "अजून ठरलेलं नाही." पलीकडे थोडा वेळ शांतता, मग होल्डचं संगीत, मग तिच्या वरच्या साहेबांचा आवाज. साहेबांनी पॉलिसीतलं एक कलम वाचून दाखवलं. थर्ड पार्टी विमा युनियनभर चालतो, त्याची काळजी नको. पण माझ्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, काच फुटणं वगैरे परदेशात सलग ९० दिवसांपर्यंतच. थोडक्यात, ९१ व्या दिवशी माझी गाडी दुसऱ्याला धडकली तर त्याचं भलं होईल. माझं मी बघायचं.

"मग मला ग्रीन कार्ड तरी द्या," मी म्हटलं. ग्रीन कार्ड म्हणजे गाडीला परदेशातही विमा आहे याचा दाखला. हा शब्द मी कुठेतरी वाचून ठेवला होता आणि वापरायची संधी शोधत होतो. साहेब म्हणाले, युनियनमध्ये ते लागत नाही, तुमची नंबर प्लेट हाच विम्याचा पुरावा. तरी आग्रह केला म्हणून त्यांनी ईमेलने पाठवलं. प्रिंट काढली तर पांढरं. ही ग्रीन कार्डची पद्धत १९५३ पासून चालू आहे, आणि जुलै २०२० पासून ते साध्या पांढऱ्या कागदावर छापलं तरी चालतं. म्हणजे हिरवं नसलेलं आणि लागत नसलेलं ग्रीन कार्ड आता माझ्याकडे होतं. फाईलमध्ये लावून टाकलं. फाईल जाड दिसली की माणसाला धीर येतो.

मग ठरवलं, गाडी राहते तिथलाच विमा काढावा. तिथला एजंट फार सज्जन. त्याने नंबर विचारला, मी सांगितला, त्याने टाइप केला आणि स्क्रीनकडे असं पाहिलं, जसं पत्रिकेतल्या मंगळाकडे पाहतात. हा नंबर आमच्या देशाचा नाही. आधी गाडी इथे रजिस्टर करून आणा, लगेच विमा देतो. रजिस्ट्रेशन ऑफिसच्या खिडकीत गेलो. तिथल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "विमा?" मी म्हटलं, तो रजिस्ट्रेशननंतर मिळणार आहे. त्या म्हणाल्या, रजिस्ट्रेशन विम्यानंतर मिळतं. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही म्हण मला त्या खिडकीसमोर उभं राहून पहिल्यांदा पूर्ण कळली.

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' असं आपण म्हणतो. इथे सरकारचंच म्हणणं उलटं होतं: काहीही करा, पण सहा महिने थांबू नका. २८ मार्च १९८३ चा एक युरोपीय निर्देश आहे. त्यानुसार परदेशी नंबरची खासगी गाडी दुसऱ्या सदस्य देशात तिथला कर न भरता बारा महिन्यांत सहा महिने ठेवता येते, सलग किंवा तुकड्यातुकड्याने. त्यातच माणसाचाही हिशेब आहे: वर्षातले किमान १८५ दिवस जिथे काढतो, तिथला तो रहिवासी. त्या हिशेबाने मी इकडचा रहिवासी, तिकडचा पाहुणा. गाडी मात्र नंबराने इकडची आणि मुक्कामाने तिकडची. कायद्याला पाहुण्याची गाडी माहीत आहे, रहिवाशाची गाडी माहीत आहे. मालक येऊन-जाऊन आणि गाडी कायमची मुक्कामाला, ही जात त्याच्या वहीतच नाही.

दरम्यान खालच्या मजल्यावरचे आजोबा दर पंधरा दिवसांनी गाडी स्टार्ट करत होते. बॅटरी बसू नये म्हणून किल्ली त्यांच्याकडे दिलेली. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून ते नुसते स्टिअरिंग धरून बसायचे. त्यांच्या बायकोने एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं की आठवड्यातल्या सगळ्या कार्यक्रमांत त्यांना हाच जास्त आवडतो. एकदा बेकरीपर्यंत चक्कर मारून आलो, असं त्यांनी मोठ्या अभिमानाने कळवलं आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण त्याच निर्देशात आणखी एक बारीक ओळ आहे: अशी तात्पुरती आणलेली गाडी तिथल्या रहिवाशाला वापरायला देता येत नाही. आता ऐंशीच्या घरातल्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं, की आजोबा, तुम्ही इथले आहात हाच तुमचा गुन्हा आहे?

बरं, किल्ली काढून घ्यावी, गाडी अंगणात झाकून ठेवावी आणि विमाच बंद करावा, हा विचारही करून झाला. पोर्तुगालमधल्या एका प्रकरणात युरोपीय न्यायालयाने ४ सप्टेंबर २०१८ ला निकाल दिलाय, की चालू स्थितीतली गाडी खासगी जागेत नुसती उभी असली, तरी ती रीतसर वापरातून काढलेली नसेल तर विमा हवाच. उभं राहण्याचाही विमा! मी स्वतः इतकी वर्षं ठिकठिकाणी उभा राहतोय, मला कुणी विचारलं नाही.

शेवटचा धक्का पासिंगने दिला. गाडी चार वर्षांची झाली की पहिली तपासणी, मग निदान दर दोन वर्षांनी. ही तपासणी करायची रजिस्ट्रेशनच्या देशात. तारीख उलटायला तीन आठवडे होते, गाडी अकरा तासांवर होती आणि कंबर डॉक्टरांच्या ताब्यात होती. बायको म्हणाली, "आता हो तिकडची. करून टाक एकदाचं." हे वाक्य गाडीला उद्देशून होतं की मला, ते मी विचारलं नाही.

भाड्याच्या घराचा करारनामा दाखवल्यावर खिडकीतल्या बाई थोड्या वितळल्या. त्यांनी लिस्ट दिली, आणि विमा-रजिस्ट्रेशनच्या भांडणावरचा तोडगाही दिला: चेसिस नंबरावर तात्पुरता विमा काढता येतो. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. मी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. लिस्टमध्ये कंपनीचं 'कन्फॉर्मिटी सर्टिफिकेट' होतं, म्हणजे ही गाडी युरोपच्या नियमांत बसते असं खुद्द तिच्या जन्मदात्याने लिहून द्यायचं. सात वर्षं युरोपातल्या रस्त्यांवर फिरल्यावर.

फॉर्म मी रात्री जागून हाताने भरला. सकाळी बाईंनी दोरीचा चष्मा नाकावर ओढला, चेसिस नंबरावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही गाडी अस्तित्वात नाही."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. गाडी होती.

सतरा आकडे-अक्षरांच्या त्या नंबरात मी शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' काढला होता. चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरतच नाहीत. एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून मुद्दाम गाळलेली आहेत. "जगातल्या कुठल्याच गाडीत नसतो 'ओ'," बाई म्हणाल्या. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी त्याआधी पाहिला नव्हता.

आता प्रत्यक्ष पडताळणी आली. निळ्या डगल्यातले एक गृहस्थ टॉर्च आणि फडकं घेऊन बाहेर आले. पुढची सीट मागे सरकवून गुडघ्यावर बसले, गालिच्याला कापलेली एक छोटी चौकोनी झडप असते ती उचलली. त्याखाली पत्र्यावर नंबर कोरलेला. पण नंबराच्या वर एक चिठोरं चिकटलं होतं. त्यांनी ते नखाने सोडवलं, टॉर्चखाली धरलं. त्याच गावातल्या पार्किंगची पावती. शाई बरीचशी उडालेली, तारीख मात्र ठणठणीत: बरोब्बर अकरा महिन्यांपूर्वीची. मी फॉर्मवर 'गाडी या देशात कधीपासून' या रकान्यात चार महिने लिहिले होते. खोड मोडून, बायकोच्या सल्ल्याने, आयुष्यात पहिल्यांदा.

गृहस्थांनी पावतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ती घडी करून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "कचऱ्याचा डबा तिकडे आहे." नंबर मोठ्याने वाचला, टिक केली, गुडघे झटकले.

विम्याचं काम त्यामानाने लवकर आटपलं, आणि वाईट आटपलं. चौदा वर्षं मी कुणाच्या गाडीला खरचटूही दिलेलं नाही. नो क्लेम बोनस शिगेला पोचलेला. पण जुन्या कंपनीवर कायद्याने बंधन आहे ते किमान गेल्या पाच वर्षांच्या क्लेमचं पत्र पंधरा दिवसांत देण्याचं. तिने कायदा तंतोतंत पाळला: पंधराव्या दिवशी पत्र दिलं आणि पाचच वर्षांचं दिलं. नव्या कंपनीने उरलेल्या वर्षांबद्दल सहानुभूती व्यक्त केली. रामाला चौदा वर्षांनी निदान राज्य तरी मिळालं होतं.

नव्या नंबर प्लेटा मी स्वतः बसवल्या. आजोबा स्क्रू हातात घेऊन उभे होते. आता बेकरीला जायला त्यांना कायद्याची पूर्ण मुभा होती. पण हे सांगितल्यापासून त्यांचा उत्साह ओसरला आहे, असं आजी म्हणतात.

मग मागच्या महिन्यात, कंबर ठीक आहे आणि हवा छान आहे म्हणून, आम्ही विमानाची तिकिटं रद्द करून गाडीने घरी आलो. अकरा तास, मजेत. निळी पाटी मागे पडली, राहतो त्या देशात शिरलो आणि विसाव्या मिनिटाला पोलिसाने हात केला.

"परदेशी गाडी. तुम्ही राहता कुठे?"

बायकोने माझा गुडघा दाबला. पण खोड ती खोड. मी म्हटलं, "इथेच. पंधरा वर्षं झाली."

"इथले रहिवासी, आणि गाडी तिकडच्या नंबरची?" त्याने अगदी शांतपणे डिकीवर वही ठेवून एक कोरा फॉर्म काढला, पेनाचं टोपण दातात धरलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"गाडी रात्री कुठे उभी असते?"